गाणी टाकली पण सर्व्हरवर दिसत नाहीत? आधी एकच गाणं घ्या

बाबांच्या कॅसेटी डिजिटल करून झाल्या, मामाने दिलेल्या सीड्या रिप झाल्या, कॉलेजात असताना एकमेकांच्या पेनड्राइव्हवरून जमवलेले एमपी३ होतेच, असं सगळं मिळून माझ्याकडे नऊएक हजार फाइली झाल्या. जुन्या लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्स) टाकलं, डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय) नॅविड्रोम (आपली गाणी ब्राउझरवर आणि फोनवर ऐकवणारा सर्व्हर) चढवलं, यूएसबी हार्डडिस्क लावली, ब्राउझरमध्ये ४५३३ पोर्ट उघडलं, लॉगिन झालं आणि आत एकही गाणं नाही. दोन दिवस डोकं लावल्यावर गाणी आली तर जेमतेम साडेसहा हजार. बाकीची कुठे गेली ते शोधताना जे कळलं ते इथे पायरी पायरीने लिहितेय, नवीन सर्व्हर लावणाऱ्यांसाठी.

लेखात नाव नॅविड्रोमचं येईल कारण मी तेच वापरते, पण जेलीफिन असो की लिरियन (आधीचं लॉजिटेक मीडिया सर्व्हर, २०२४ पासून हे नवीन नाव), भानगडी त्याच असतात, बटणं फक्त वेगळ्या जागी.

एक गोष्ट पहिल्यांदा समजून घ्या नाहीतर नुसतं अंधारात चाचपडत बसाल. गाणं "इम्पोर्ट होत नाही" म्हणतो तेव्हा प्रकार दोनच असतात. एक, सर्व्हरला ती फाइल दिसतच नाहीये. दोन, फाइल दिसली, आतही घेतली, पण तुम्ही शोधताय त्या नावाखाली ती नाही, भलत्याच नावाखाली जाऊन बसलीये. पहिल्याचा इलाज पाथ (फोल्डरचा पत्ता), माउंट (डिस्क एखाद्या फोल्डरला जोडणं), परमिशन (वाचायची परवानगी) यात आणि दुसऱ्याचा टॅगमध्ये (फाइलीच्या आत लिहिलेली गाण्याची माहिती). लोक (म्हणजे मीच) दुसरा प्रकार असताना तीन तीन वेळा सर्व्हर पुसून परत इन्स्टॉल करत बसतात.

पायरी १: एका गाण्याची चाचणी

व्हीएलसीमध्ये नीट वाजणारी एक एमपी३ घ्या, तिची कॉपी करा, आणि कॉपीच्या टॅगमध्ये गाण्याचं नाव, गायक, अल्बम तिन्ही ठिकाणी "चाचणी पोपट" असं काहीतरी लिहा जे तुमच्या संग्रहात दुसरीकडे असूच शकत नाही. टॅग बदलायला विंडोजवर एमपी३टॅग, लिनक्सवर किड३. ही फाइल म्युझिक फोल्डरमध्ये सगळ्यात वरच्या पातळीवर टाका, अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन करून वर उजवीकडच्या छोट्या आयकॉनमधून क्विक स्कॅन मारा (म्हणजे सर्व्हर नवीन फाइली शोधतो), आणि सर्चमध्ये पोपट शोधा.

सापडला का? मग तीच फाइल आता जिथली गाणी दिसत नाहीयेत त्या फोल्डरमध्ये हलवा आणि परत स्कॅन करा. तिथेही सापडला तर पायरी २ आणि ३ सोडून द्या, तुमचा घोळ फाइलींमध्ये किंवा टॅगमध्ये आहे. वरच्या पातळीवर सापडला पण त्या फोल्डरमध्ये गायब झाला, तर परमिशन. कुठेच नाही सापडला, तर पाथ किंवा माउंट.

पाच मिनिटांचं काम आहे, आळस करू नका.

पायरी २: सर्व्हर बघतोय ते फोल्डर कुठलं

डॉकर वापरत असाल तर कंटेनरला तुमची सगळी डिस्क दिसत नाही, तुम्ही दाखवाल तेवढीच खिडकी दिसते. कंपोझ फाइलीत (कंटेनर कसा चालवायचा ते जिच्यात लिहितात ती) व्हॉल्यूमची जी ओळ असते त्यात कोलनच्या डावीकडे तुमच्या मशीनवरचा खरा पाथ आणि उजवीकडे कंटेनरच्या आतला, नॅविड्रोमसाठी तो नुसता "/म्युझिक" (फाइलीत अर्थात रोमनमध्ये, लहान अक्षरांत). नवीन लोक डावी उजवी बाजू उलट करतात, किंवा डावीकडे अशा फोल्डरचं नाव टाकतात जे अस्तित्वातच नाही, आणि डॉकर काही तक्रार न करता त्या नावाचं रिकामं फोल्डर बनवून मोकळा होतो. लिनक्सला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी असतात हेही विसरायला होतं. खात्री करायची तर डॉकर एक्झेकने कंटेनरच्या आत जाऊन तिथे एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) मारा, आत गाणी दिसली पाहिजेत. ओळ बदलली असेल तर नुसतं रीस्टार्ट पुरत नाही, कंपोझ डाउन करून परत अप करा.

ओळीच्या शेवटी "आरओ" म्हणजे फक्त वाचण्यापुरतं असेल तर घाबरू नका, उलट चांगलंच आहे, नॅविड्रोम तुमच्या फाइलींमध्ये काही लिहीत नाही.

यूएसबी डिस्कची वेगळी गंमत. डेस्कटॉप लिनक्सवर डिस्क लावली की ती मीडिया फोल्डरात स्वतःच्या नावाने माउंट होते, पण त्या नावाचं फोल्डर आधीच तिथे पडून असेल तर पुढे १ लावून नवीन नावाने माउंट होते, आणि तुमचा कंटेनर बसलाय जुन्या रिकाम्या फोल्डरकडे बघत. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट जाते येते, लाइट आली की लॅपटॉप आधी उठतो, डॉकर सुरू होतो, आणि हार्डडिस्क तोवर अजून गरगरत जागी होत असते. डिस्क नंतर माउंट झाली तरी आधीच सुरू झालेल्या कंटेनरला ती दिसत नाही, कंटेनर रीस्टार्ट करावा लागतो. कायमचा उपाय म्हणजे एफएसटॅब फाइलीत (कुठली डिस्क कुठे माउंट करायची त्याची यादी) डिस्कचा यूयूआयडी (तिचा ओळख क्रमांक) टाकून ठरलेल्या जागी माउंट करणं, आणि त्यात "नोफेल" हा ऑप्शन आठवणीने घालणं, नाहीतर कधी डिस्क न लावता मशीन चालू केलं तर बूटच अडकतं.

पायरी ३: परमिशन

सर्व्हर तुमच्याच नावाने चालत असेल असं नाही, तो बरेचदा वेगळ्या युजरने चालतो. त्या युजरला फाइल वाचायची परवानगी हवी आणि फोल्डरमध्ये वाचायची तसंच आत शिरायचीही हवी, ही "आत शिरायची" परवानगी लिनक्समध्ये वेगळी असते आणि बहुतेकजण तिथेच अडकतात. साधा हिशोब लक्षात ठेवा, फोल्डरना ७५५ (बाकीच्यांना वाचायला आणि आत शिरायला) आणि फाइलींना ६४४ (बाकीच्यांना फक्त वाचायला). सरसकट ७७७ (सगळ्यांना सगळं) मारू नका, व्हिडिओत कोणीही सांगू दे.

आणि परवानगी फक्त गाण्यांच्या फोल्डरची बघून थांबू नका, वरच्या प्रत्येक फोल्डरची बघा. उबुंटूने २१.०४ पासून नव्या युजरचं होम फोल्डर इतरांसाठी बंद केलंय, ते ७५० असतं. म्हणजे होममधलं तुमचं म्युझिक फोल्डर अगदी ७५५ असलं तरी डॉकरशिवाय थेट दुसऱ्या युजरने चालणारा सर्व्हर फाटकापाशीच अडतो. मी शेवटी गाणी होममधून काढून वेगळ्या जागी ठेवली.

डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट (विंडोजवर चालणारे डिस्कचे फॉरमॅट) असेल तर सीएचमॉड (परमिशन बदलायची कमांड) मारून सहसा काहीच होत नाही, कमांड चालल्यासारखी वाटते आणि परमिशन तशीच. तिथे परवानग्या माउंट करतानाच यूआयडी, जीआयडी आणि युमास्क (युजर, ग्रुप आणि परवानगीचे आकडे) देऊन ठरवायच्या असतात. यावर माझा एक अख्खा रविवार गेलाय.

पायरी ४: फाइल खरंच गाण्याची आहे का

आता फोल्डर दिसतंय पण काही ठराविक गाणी नाहीत. आधी त्या फाइली व्हीएलसीत वाजवून बघा. शून्य केबीची फाइल, अर्धवट डाउनलोड झालेली फाइल, एक्स्टेन्शन एमपी३ पण आत भलतंच काही, हे सगळं माझ्याकडे निघालं. स्ट्रीमिंगच्या अ‍ॅपमध्ये "ऑफलाइन डाउनलोड" केलेलं गाणं म्हणजे तुमची फाइल नव्हे, ती कुलूपबंद असते, दुसरीकडे वाजणार नाही. आयट्यून्सवर २००९ च्या आधी घेतलेली गाणीसुद्धा तशीच असू शकतात, एक्स्टेन्शन एम४पी दिसलं की समजून जा.

मॅकवरून कॉपी केलं असेल तर प्रत्येक गाण्याबरोबर टिंब आणि अंडरस्कोअरने सुरू होणारी एक छोटी फाइल येते. ती गाणं नाही. फाइली मोजून "सर्व्हरने अर्धी गाणी खाल्ली" असं म्हणायच्या आधी या वगळा, माझ्या हरवलेल्या अडीच हजारांतल्या बाराशे तर याच होत्या!

फाइलींची नावं देवनागरीत ठेवणाऱ्यांनी हे वाचाच. लिनक्सवर फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइट्स, आणि देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) ३ बाइट्स खातं, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार प्रत्येकाचे वेगळे ३. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. विंडोजची मर्यादा २५५ चिन्हांची असल्यामुळे तिथे "अभंग, गायक, राग, कार्यक्रम, साल" असं लांबलचक नाव आरामात चालतं आणि लिनक्सवर कॉपी करताना मात्र नाव फार मोठं आहे म्हणून तेवढीच फाइल मागे राहते. कॉपी संपल्यावर शेवटी आलेला एररचा मेसेज आपण वाचत नाही. वाचा.

कॅसेटवाल्यांसाठी थोडं वेगळं. रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्हीमध्ये केलं असेल तर सीडीच्या दर्जाला मिनिटाला साधारण १० एमबी जातात, ६० मिनिटांची कॅसेट म्हणजे ६०० एमबी, आणि वर डब्ल्यूएव्हीमध्ये टॅगची कायम रड. सगळं फ्लॅकमध्ये करून घ्या, आवाजात काडीचाही फरक पडत नाही, जागा बरीच कमी लागते आणि टॅग नीट बसतात. एक बाजू म्हणजे एक फाइल असं ठेवलंत तर सर्व्हरला ते अर्ध्या तासाचं एकच गाणं वाटणार, त्याची काय चूक. ऑडॅसिटीत प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला लेबल टाका आणि मल्टिपल एक्स्पोर्ट करा, तुकडे होऊन मिळतात.

पायरी ५: टॅग, म्हणजे खरं दुखणं

नॅविड्रोम तुमच्या फोल्डरांची रचना बघत नाही. तुम्ही "नाट्यसंगीत" नावाचं फोल्डर केलं, आत गायकाप्रमाणे फोल्डर केली, फार छान, पण त्याला त्याचं घेणंदेणं नाही, तो फक्त फाइलीच्या आतले टॅग वाचतो. टॅग रिकामे असतील तर फाइलचं नाव गाण्याचं नाव म्हणून लावतो आणि गायकाच्या जागी अननोन. म्हणून गाणं हरवलं की सगळ्यात आधी अननोन आर्टिस्टमध्ये डोकवा. माझी बाराशे वजा जाता उरलेली बहुतेक गाणी तिथे निघाली, "ट्रॅक ०१", "ट्रॅक ०२" अशी ओळीने, कारण मराठी सीड्यांची माहिती ऑनलाइन डेटाबेसमध्ये बरेचदा नसते आणि रिप करताना मी नावं भरायचा कंटाळा केला होता. फाइलींची नावं बरी असतील तर एमपी३टॅगमध्ये फाइलच्या नावावरून टॅग भरायची सोय आहे, एकदा पॅटर्न जमला की शंभर गाणी एका झटक्यात.

फुकट साइटवरून उतरवलेल्या एमपी३ चा वेगळाच तमाशा, अल्बमच्या आणि गायकाच्या जागी त्या साइटचं नाव. माझ्या सर्व्हरवर काही दिवस सगळ्यात जास्त गाणी गाणारी गायिका एक वेबसाइट होती.

आता एकच अल्बम बारा तुकड्यांत दिसणं. नाट्यगीतांची एक सीडी, बारा पदं, बारा गायक, आणि सर्व्हरवर त्याच नावाचे बारा अल्बम, प्रत्येकात एक गाणं. कारण एकच, "अल्बम आर्टिस्ट" हा टॅग रिकामा. तो रिकामा असला की त्या जागी गायक धरला जातो आणि गायक बदलला की अल्बम वेगळा. सगळ्या बारा गाण्यांना अल्बम आर्टिस्टमध्ये "विविध कलाकार" असं एकसारखं टाका, गायकाचा टॅग तसाच राहू द्या, अल्बम एकत्र येतो. तरीही फुटत असेल तर रिलीजची तारीख बघा, काही गाण्यांना आहे आणि काहींना नाही असं असेल.

याच्या उलटही होतं. "अभंग" किंवा "भक्तिगीते" नावाच्या पाच वेगळ्या कॅसेटी, सगळ्यांना अल्बम आर्टिस्ट विविध कलाकार, मग पाचही मिळून एकच सत्तर गाण्यांचा अल्बम, आणि पहिल्या नंबरची गाणी पाच. तिथे अल्बमच्या नावात काहीतरी फरक करा, भाग १, भाग २, किंवा साल. एकाच संचातल्या दोन तीन सीड्या असतील तर मात्र नाव एकच ठेवून डिस्क नंबर भरा, तो टॅग त्यासाठीच असतो.

नावांचं शुद्धलेखन. पं. भीमसेन जोशी, पंडित भीमसेन जोशी, भीमसेन जोशी, भिमसेन जोशी, शिवाय रोमनमधली दोन तीन स्पेलिंगं, आपल्यासाठी माणूस एक, सर्व्हरसाठी सहा. वेबवरून नाव कॉपी पेस्ट केलं तर मध्येच न दिसणारं जोडाक्षराचं चिन्हही येतं, डोळ्याला दोन्ही नावं सारखी आणि यादीत गायक दोनदा. अशा वेळी नाव हाताने टाइप करा आणि सगळ्यांना तेच लावा. मी नियम केलाय, नावं देवनागरीत, पदवी नाही. पंडितजींचा मान मनात आहेच. युगुलगीताला दोन गायक असतील तर मध्ये स्वल्पविराम देऊ नका, "लता मंगेशकर, सुधीर फडके" असा एक तिसराच गायक तयार होतो. अर्धविराम आणि एक स्पेस दिलीत तर नॅविड्रोम दोघांना वेगळं ओळखतो.

देवनागरी टॅग मोडलेले दिसले तर नीट निरखून बघा कशा प्रकारे मोडलेत. नुसती प्रश्नचिन्हं असतील तर मूळ अक्षरं गेली, परत येणार नाहीत, हातानेच भरा. पण डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्याला चिकटून येनचं किंवा गोलाला चार टोकं असलेलं चिन्ह, अशी जोडी परत परत दिसत असेल तर आनंद माना, ती देवनागरीच आहे, फक्त चुकीच्या एन्कोडिंगने वाचली गेलीये, एमपी३टॅगच्या अ‍ॅक्शनमध्ये कोडपेज बदलून सरळ होते. नावं ३० अक्षरांवर कापलेली दिसली तर फाइलीत फक्त जुना आयडी३ व्हर्जन १ चा टॅग आहे, त्यात नाव, गायक, अल्बम प्रत्येकाला ३० बाइट्सच मिळायचे आणि देवनागरीची सोयच नव्हती. टॅग एडिटरमध्ये व्हर्जन २.३ किंवा २.४ निवडून सेव्ह करा.

पायरी ६: परत स्कॅन

टॅग सुधारले, सर्व्हरवर बदल नाही. क्विक स्कॅन फक्त बदललेली फोल्डर आणि फाइली बघतो, आणि बदल ओळखतो तो तारखेवरून. एमपी३टॅगमध्ये फाइलची जुनी तारीख जपून ठेवायचा ऑप्शन चालू असेल तर सर्व्हरला वाटतं काही झालंच नाही. तो ऑप्शन काढा, किंवा फुल स्कॅन मारा. गाणी दुसऱ्या मशीनवर किंवा नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कवर) असतील आणि नेटवर्कवरून माउंट केली असतील तर नवीन गाण्याची आपोआप चाहूल लागेल या भरवशावर राहू नका, ती यंत्रणा नेटवर्क शेअरवर चालत नाही, स्कॅनचं वेळापत्रक लावा. माझा पहाटे चारला होतो.

एखादं फोल्डर काही केल्या येत नसेल तर त्यात ".एनडीइग्नोर" नावाची फाइल नाही ना ते बघा. रिकामी असली तरी ती अख्खं फोल्डर वगळते, आणि टिंबाने सुरू होत असल्याने एरवी दिसत नाही. त्यानंतरही नाहीच जमलं तर लॉग, म्हणजे सर्व्हर काय काय करतो त्याची नोंद. लॉग लेव्हल डीबग करा, त्या एकाच फोल्डरचं स्कॅन होऊ द्या, आणि फाइलच्या नावाने शोधा. लॉगमध्ये फाइलचं नावच नाही म्हणजे परत पायरी २. नाव आहे आणि पुढे एरर आहे, तर तो एरर जसाच्या तसा कॉपी करून मग कोणाला तरी विचारा, "गाणी येत नाहीत" एवढंच सांगून कोणी मदत करू शकत नाही.

फोनवर दिसत नाही पण ब्राउझरमध्ये दिसतं, असं असेल तर सर्व्हरला हात लावू नका. फोनमधली बरीच अ‍ॅप यादी स्वतःकडे साठवून ठेवतात, अ‍ॅपमध्ये जाऊन सिंक करा.

काढून टाका बटणाबद्दल

नॅविड्रोम ०.५५ पासून एखादी फाइल सापडेनाशी झाली तरी तिची नोंद लगेच पुसत नाही, ती "मिसिंग फाइल्स"च्या यादीत जाते, आणि फाइल परत आली किंवा दुसऱ्या फोल्डरमध्ये सापडली की प्लेलिस्ट, आवडती गाणी, किती वेळा ऐकलं ते सगळं परत जोडलं जातं. चांगली सोय आहे. माझी बाबांची डिस्क म्युझिक फोल्डरच्या आतल्या एका फोल्डरवर माउंट केलेली होती, एका पहाटे लाइट गेली आली, डिस्क माउंट झाली नाही, चारच्या स्कॅनमध्ये तिच्यावरची सगळी गाणी मिसिंग झाली. सकाळी मी ती यादी बघितली, म्हटलं हा काय कचरा, आणि सगळं निवडून काढून टाका केलं. गाणी डिस्कवर शाबूत होती, पण बाबांनी दोन महिने बसून लावलेल्या प्लेलिस्टा रिकाम्या. त्यांनी एवढंच विचारलं, "सकाळची भूपाळी कुठे गेली गं?"

तर मिसिंगची यादी लांबलचक दिसली की आधी डिस्क माउंट आहे का बघायचं. आणि डेटा फोल्डरमधली नॅविड्रोमची डीबी (डेटाबेस) फाइल आठवड्यातून एकदा कंटेनर बंद करून दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायची, गाण्यांच्या मानाने ती अगदीच लहान असते.